लेकीला सांगायच्या गोष्टी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या महिन्यात सेक्रेटरीबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला बाहेरचं कोणी बोलवायचं नाही. आपल्यातल्याच एकीनं बोलायचं, आणि ती एक म्हणजे तुम्ही." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. मला भाषण कुठलं येणार? फार तर अळिवाच्या लाडवांची कृती सांगेन." त्यावर त्या म्हणाल्या, "मग ते लाडू ज्यासाठी करतात तेच सांगा की!"

त्या हसत म्हणाल्या, पण ते माझ्या मनात राहिले. कारण त्याच आठवड्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दुपारी आम्ही दोघीच स्वयंपाकघरात बसलो होतो. मी अळीव निवडत होते. ती हळूच म्हणाली, "आई, एक विचारू? माझी छाती बघ कशी झालीय. निळ्या शिरा दिसतात. बोंडं काळी पडलीत. काल तर गाऊनला पिवळट डाग पडला. मला काही झालं तर नाही ना गं?"

भगिनींनो, माझ्या तोंडात उत्तर तयार होते. "होतं असं." माझ्या आईने मला हेच सांगितले होते, आणि तिला तिच्या आईने. दोन शब्दांत विषय संपला. पण ते दोन शब्द माझ्या ओठांवर आले आणि मला माझ्या थोरल्या जाऊबाई आठवल्या. मी अळिवाचे ताट बाजूला ठेवले, दार लोटले आणि लेकीला सगळे सांगत बसले. तेच आज तुमच्यापुढे सांगणार आहे. माझ्या अनुभवाच्या गोष्टी माझ्या आहेत. बाकीच्या आपल्या मंडळात गेल्या ऑगस्टात, स्तनपान सप्ताहात, ज्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या त्यांना विचारून विचारून घेतलेल्या आहेत.

पहिल्यांदा पोटुशीपणाचे. दिवस गेले की पाळी चुकते हे आपण जाणतो. पण पुष्कळ जणींना त्याआधीच छाती सांगून टाकते. ती जड होते, ठणकते, पदराचा स्पर्शही नकोसा वाटतो. याचे कारण असे की आत दूध तयार करणाऱ्या ज्या गाठींसारख्या बारीक ग्रंथी असतात, त्या आता वाढायला लागतात. जणू झाडाला नव्या फांद्या फुटाव्यात तशा दुधाच्या नळ्या फुटत जातात. त्यांना रक्त जास्त लागते, म्हणून शिरा फुगून निळ्या दिसतात. बोंड आणि त्याभोवतीचे वर्तुळ काळसर होते व मोठे होते. त्या वर्तुळावर बारीक पुळ्यांसारखे दाणे उठतात. माझ्या वेळी मी ते घामोळे समजून साबणाने खसाखसा घासले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते दाणे म्हणजे देवाने ठेवलेली तेलाची बुधली आहेत. त्यांतून स्निग्ध पदार्थ पाझरतो आणि कातडी मऊ राहते. तिथे साबण लावूच नये. नुसत्या पाण्याने धुवावे.

आता लेकीच्या पिवळट डागाचे. साधारण चौथा-पाचवा महिना उलटला की आत चीक तयार होऊ लागतो. कोणाला तो सातव्या-आठव्या महिन्यात थेंब थेंब येतो, कोणाला बाळंत होईपर्यंत दिसतही नाही. दोन्ही ठीकच. न दिसला म्हणून पुढे दूध कमी येईल असे नाही. तसेच छाती लहान म्हणून दूध कमी, हेही खरे नाही. बाहेरचा आकार पुष्कळसा चरबीचा असतो. दूध ग्रंथींतून येते. आमच्या शेजारच्या एका काडीसारख्या सुनेने जुळी पोरे अंगावर वाढवली, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

काखेत एखादा फुगवटा आला म्हणूनही काही जणी घाबरतात. काही बायकांच्या काखेपर्यंत ह्या ग्रंथी गेलेल्या असतात. दूध भरले की तिथेही फुगते व पुढे उतरते. तरी एकदा दाखवून घ्यावे म्हणजे मनाला घोर राहत नाही.

आता बाळंतपणानंतरचे सांगते, आणि इथे मला माझी फजिती सांगितली पाहिजे.

माझी ही लेक २००० साली झाली. मी एकवीस वर्षांची होते. सातारा जिल्ह्यातले आमचे गाव, घर मोठे, माणसे पुष्कळ. सासूबाई मायेच्या होत्या, पण त्यांना जे त्यांच्या सासूने शिकवले तेच त्या करीत. त्या म्हणाल्या, "पहिलं दूध जड असतं, लेकराला बाधतं. ते पिळून टाकायचं." तीन दिवस मुलीला मध आणि साखरेचे पाणी चाटवले, आणि माझा चीक मोरीत गेला. गंमत पाहा, त्याच पंधरवड्यात आमच्या गोठ्यात गाय व्याली होती. तिच्या चिकाचा खरवस झाला, वेलदोडा घालून घरभर वाटला गेला. गाईचा चीक औषधासारखा जपून खाल्ला, आणि माणसाच्या लेकराचा चीक टाकून दिला! हे त्या वेळी कोणालाच खटकले नाही, मलाही नाही.

चीक थोडाच येतो, पण बाळाचे पोटही तेवढेच असते. पहिल्या दिवशी एका वेळेला लहान चमचाभर दूध त्याला पुरते. आणि त्या चमचाभरात रोगाशी लढण्याची जी ताकद असते ती दुसऱ्या कशात नसते. म्हणूनच जन्मल्यापासून तासाच्या आत बाळाला छातीशी घ्यावे, सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा नको, आणि पुढे वरचे अन्न देत देत दोन वर्षे किंवा अधिकही पाजावे असे आता सगळीकडे सांगतात. २०१६ साली केंद्र सरकारने 'माँ' नावाचा कार्यक्रम यासाठीच सुरू केला. आणि मध तर वर्षाच्या आतल्या मुलाला मुळीच चाटवू नये. त्यातून भारी विषबाधा होऊ शकते.

तर माझे काय झाले ते ऐका. वार पडली की शरीराला कळते, आता दूध हवे. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दूध उतरते. माझे उतरले ते एकदम. छाती दगडासारखी झाली, कातडी ताणून चकाकू लागली. मुलीला तोपर्यंत बाटलीची सवय लागलेली. ती नुसते बोंडाचे टोक धरी आणि सोडून देई. त्याने बोंडांना चिरा पडल्या. पाजायला घेतले की डोळ्यांतून पाणी येई, म्हणून मी उजव्या बाजूला पाजायचेच टाळू लागले. मग दूध साकळले. आठव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. छातीवर लाल चट्टा उठला. मी कोणाला बोलले नाही. घरात दीर, मामंजी, येणारीजाणारी माणसे; सांगायचे कसे आणि दाखवायचे कोणाला? बारशाच्या दिवशी मी चक्कर येऊन पडले तेव्हा सगळ्यांना कळले. दवाखान्यात चीर देऊन पू काढला. तो व्रण आजही माझ्या अंगावर आहे. मुलगी पुढे बाटलीवर वाढली आणि पहिल्या वर्षात तीनदा हगवणीने आजारी पडली.

हे सारे टळण्यासारखे होते, म्हणून सांगते. बाळाच्या तोंडात नुसते बोंड द्यायचे नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा गेला पाहिजे. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, असे दिसले की बरोबर धरले समजावे. नीट धरले तर दुखत नाही; सारखे दुखत असेल तर धरण्यात चूक आहे. चिरा पडल्या तर पाजून झाल्यावर आपलेच दोन थेंब दूध लावून वाळू द्यावे. छाती दगडासारखी झाली तर पाजण्याआधी जरा कोमट शेक द्यावा, हाताने थोडे दूध काढावे म्हणजे काळा भाग मऊ पडून बाळाला धरता येतो. पाजून झाल्यावर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्या. आणि ताप आला, लाल झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पाजणे मात्र थांबवू नये. दूध बाळाला बाधत नाही. ते आत तुंबले की बाधते ते आईला.

२००४ साली मुलाच्या वेळी मी शहाणी झाले होते. जन्मल्या जन्मल्या त्याला छातीशी घेतले. सासूबाई जवळच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पाहत राहिल्या. तो पिऊ लागला की पहिले काही दिवस माझ्या ओटीपोटात कळा येत. ते चांगले लक्षण आहे बरे का. बाळाच्या पिण्याने गर्भाशय आकसून जागेवर येते. पुढे पुढे तो पाळण्यात नुसता कुरकुरला तरी मला स्वयंपाकघरात पान्हा फुटे आणि पोलके भिजे. एकदा तर शेजारचे मूल रडले आणि माझा पदर भिजला! मन शांत असले की पान्हा लवकर येतो. धास्ती, भांडण, जाग्रण यांनी तो अडतो. तेव्हा बाळंतिणीला लाडू द्याच, डिंकाचे द्या, अळिवाचे द्या. पण त्याहून जास्त तिला झोप द्या आणि चार गोड शब्द द्या. आणि बाळ जितके पिईल तितके दूध येते, हे तिला पुन्हा पुन्हा सांगा.

आता तिसरी गोष्ट. ही बोलताना बायका आवाज खाली करतात, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने बोलते. पाजणे सुटल्यावर छाती पूर्वीसारखी राहत नाही. मूल तोडले की काही आठवड्यांत, काही महिन्यांत त्या दुधाच्या ग्रंथी आकसतात. वाढलेले आत ओसरते, पण ताणलेली कातडी तेवढी लवकर आकसत नाही. म्हणून छाती रिकाम्या पिशवीसारखी वाटते, ओघळते. पुढे हळूहळू चरबी भरून थोडी सावरते. एक बाजू मोठी, एक लहान अशीही राहते. कातडीवर पांढरट रेघा राहतात. मूल तोडल्यावर कित्येक महिने दाबले तर थेंबभर दूध येते. हे सगळे ठीक आहे.

हल्लीच्या काही मुली म्हणतात, पाजले की छाती ओघळते, म्हणून पाजायला नको. त्यांना सांगा, ओघळण्याचे कारण पाजणे नव्हे. गरोदरपणातच छाती वाढते आणि कातडी ताणली जाते. त्यात वय, वजनाचे चढउतार, किती बाळंतपणे झाली हे मिळते. न पाजणारीचीही ओघळतेच. उलट पाजणारीचा फायदाच आहे. २००२ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी साप्ताहिकात तीस देशांतला अभ्यास छापून आला. आई जितके महिने पाजते तितका तिला स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, दर बारा महिन्यांमागे सुमारे चार टक्के, असे त्यात निघाले.

पण भगिनींनो, धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. आणि आता मी जाऊबाईंचे सांगते.

माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणजे आमच्या घराचा कणा. २००६ साली त्यांना तिसरे मूल झाले. ते अकरा महिन्यांचे असताना एके दिवशी न्हाणीघरातून त्यांनी मला हाक मारली. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला एक गाठ होती, शेंगदाण्याएवढी. दुखत नव्हती. आम्ही दोघींनी मिळून ठरवले, दुधाची गाठ आहे. पहिल्या मुलाच्या वेळीही त्यांना आली होती आणि गेली होती. मी कणकेचे गरम पोटीस करून बांधले. आठ दिवस बांधले. गाठ गेली नाही. मग म्हटले, मूल तोडल्यावर जाईल. मूल तोडले, दूध आटले, गाठ राहिली. काही महिन्यांनी बोंड आत ओढले गेले. जाऊबाई म्हणाल्या, "तीन पोरांनी ओढून ओढून असं झालं असेल." मीही हसले. होतं असं!

दीड वर्ष गेले. पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज, पेरणीची गडबड, मुलांच्या परीक्षा. दाखवले तेव्हा काखेतही गाठी आल्या होत्या. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली. २००९ च्या दिवाळीआधी त्या गेल्या. धाकटा तीन वर्षांचा होता. तो आता कॉलेजात आहे, आणि मला काकी म्हणतो. तो दारातून हाक मारतो तेव्हा अजून माझ्या मनात येते, की त्या गाठीवर पोटीस बांधणारे हात माझेच होते.

आम्हाला माया कमी नव्हती. आम्हाला माहिती नव्हती. दुधाची गाठ कशी असते हे कोणी सांगितले असते, तर ही तशी नाही हे आमच्या लक्षात आले असते. दुधाची गाठ बहुतेक दुखते, पाजून रिकामी केली की लहान होते, थोड्या दिवसांत जाते. जी गाठ जात नाही, तिची दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाट पाहू नये, मग पोटुशी असा की पाजत असा. कातडीला खळगा पडणे, संत्र्याच्या सालीसारखी कातडी होणे, पूर्वी बाहेर असलेले बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त येणे, औषध घेऊनही लाली न जाणे, ह्यांतले काही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवावे. पाजणाऱ्या बाईची सोनोग्राफी करता येते, गरज पडली तर गाठीचा तुकडाही तपासता येतो. दहांतल्या नऊ वेळा काही निघत नाही असे समजून घरी बसू नका. काही नाही हे डॉक्टरांना सांगू द्या.

मुंबईला टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधून एक मोठे काम केले. ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखावर बायका त्यात घेतल्या. त्यांतल्या निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी तपासणी केली. यंत्र नाही, काही नाही, नुसत्या हातांनी. २०२१ साली त्याचे निष्कर्ष छापले गेले. तपासणी झालेल्यांचा रोग लवकर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. बाईच्याच हातांनी बायका वाचल्या. हे ऐकले तेव्हा मी माझ्या हातांकडे पाहिले.

चार वर्षांपूर्वी माझ्या त्या जुन्या व्रणाखाली मला काही कठीण लागले. रात्रभर झोप आली नाही. पण सकाळी मी ह्यांना सांगितले, आणि तिसऱ्या दिवशी तपासून घेतले. जुन्या चिरेचेच निघाले. येताना आम्ही जाऊबाईंच्या आवडीची जिलेबी घेतली. का घेतली ते दोघांनाही कळले, बोलले कोणी नाही.

आता संपवते. लेकीला मी हे सगळे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, काकीचं असं झालं होतं हे मला कुणी का नाही सांगितलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही घरात तो रोग नावाने कधी उच्चारलाच नव्हता.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, डोहाळजेवणे होतात. ओटी भरताना त्या मुलीला पाच मिनिटे बाजूला घेऊन बसा. तुझ्या अंगात काय काय बदलेल, का बदलेल, आणि कशाला 'होतं असं' म्हणायचे नाही, हे सांगा. ती लाजली तरी सांगा. तुम्ही लाजलात तरी सांगा.

माझ्या लेकीचे दिवस भरत आले आहेत. अळिवाचे लाडू डब्यात तयार आहेत. कृती ज्यांना हवी असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. सेक्रेटरीबाईंना मी कबूल केले आहे.